रस्सीचं डावं टोक

नायरीने मेमरी कार्ड तिसऱ्यांदा बाहेर काढलं, फुंकर मारली आणि परत घातलं. काड्यापेटीएवढ्या टीव्हीचा पडदा निळाच राहिला.

ओमारू गावच्या मॉडेल रेल्वे क्लबचं प्रदर्शन शनिवारी सकाळी दहाला उघडणार होतं आणि आज गुरुवार होता. क्लबच्या इवल्याशा स्टेशनासमोर रेडिओचं दुकान होतं. त्याच्या खिडकीत हा खरोखर चालणारा टीव्ही बसवायचा होता, आणि त्यावर १९६३ सालच्या रेल्वे सहलीतल्या रस्सीखेचीची फिल्म दाखवायची होती. तेवढ्यासाठी नायरीचे वडील घराबाहेर पडायला कबूल झाले होते. लॉक्लन एक्याण्णव वर्षांचे, निवृत्त शंटर, म्हणजे रेल्वे यार्डात डबे जोडणारे-सोडवणारे. मे महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते फाटकापर्यंतही गेले नव्हते. "मी टीव्हीवर असेन तर येतो," एवढंच ते फोनवर म्हणाले होते.

तीच फिल्म संगणकावर उत्तम चालत होती. या टीव्हीला मात्र त्याच्याच प्रकारची फाइल लागे, आणि तशी फाइल बनवणारा प्रोग्रॅम दर वेळी चाळीस मिनिटं घेऊन काहीतरी नवंच बिघडवून ठेवी. चौथ्या खेपेला चित्र आलं, पण सगळे आडवे ताणलेले.

"हे रेल्वेचे कामगार आहेत की बेडूक?" क्लबचा सचिव सेल्विन चहाचा मग घेऊन डोकावला.

"सेल्विन, तू जाऊन रूळ पूस."

"पुसले. अगं, सगळं चित्र मावेल असं कर ना."

"केलं. माणसं मोहरीएवढी दिसतात. बाबांना मोहरी दाखवू?"

"मग कडा काप."

"कडा कापल्या की बाबाच जातात!"

ते खरं होतं. रस्सी चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली होती, आणि प्रोग्रॅम नेमका मधला भाग ठेवी. लॉक्लन म्हणाले होते, "मी शेवटचा. कमरेला रस्सी बांधलेला." शंटरांचा संघ डावीकडे होता, आणि डाव्या टोकाला एक टोपीवाला कमरेला रस्सी बांधून उभा होता. चौकट तिकडे सरकवण्यात नायरीची शुक्रवारची अख्खी दुपार गेली. चार आकडे हाताने भरायचे होते. तिसऱ्या आकड्याला प्रोग्रॅम बंद पडे. पाच वाजता टोपीवाला बुटांसकट पडद्यावर आला.

"जरा अंधुक आहे," सेल्विन म्हणाला. नायरीने टीव्ही दुकानाच्या खिडकीत बसवून टाकला.

शनिवारी लॉक्लन काठी टेकत आले. नायरीने त्यांच्या हातात भिंग दिलं. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हा डथी आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"कॉलिन डथी. टोपी बघ की! मी आयुष्यात कधी टोपी घातली?"

"पण बाबा, तुम्ही शंटर, आणि हा शंटरांचा संघ!"

"त्या वर्षी समोरच्या मालधक्क्याच्या संघात एक माणूस कमी होता. मी त्यांच्या बाजूने ओढलं. मी इथे." त्यांनी पडद्याच्या उजवीकडे, दुकानाच्या पुठ्ठ्याच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, मधे की शेवटी. कोणाकडून, ते कुठे विचारलंस?"

नायरीने डोळे मिटले. चार आकडे. पुन्हा तेच चार आकडे. "काढते मी हा टीव्ही," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत दुसरी बाजू करून आणते. तोवर थांबाल ना?"

"हात लावू नकोस."

पडद्यावर शंटरांच्या टाचा चिखलात घसरू लागल्या होत्या. एकेक गडी उजवीकडे खेचला जात चौकटीबाहेर चालला होता. सर्वांत शेवटी डथी. त्याने पाय रोवून पाहिले, गुडघ्यांवर आपटला आणि तसाच फरफटत दिसेनासा झाला. मग फिल्म पहिल्यापासून सुरू झाली.

"बघितलंस, कोणाकडे चाललाय?" लॉक्लननी भिंग खाली केलं नाही. "खुर्ची आण. अजून एकदा बघू दे."

नायरीने खुर्ची आणली आणि गरजेपेक्षा बराच जास्त आवाज करत त्यांच्या मागे ठेवली.