ट्यूबची पट्टी

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते. गेल्या वर्षापर्यंत मला त्याचं वाईट वाटायचं. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले आणि कळलं, हाड नसलेलंच बरं. तेव्हापासून दुकानदाराशी घासाघीस, अर्ज, तक्रारी, आगाऊ पाहुण्यांची जिरवणं, सगळ्यात मी पुढे. त्यामुळे बाबांची चार बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा त्यांचा जबाब लिहायलाही मीच बसले.

बाबा डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर होते. त्या मशीनला हातभर अंतरावर दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. फक्त असं काम करून पाळीची ठरलेली झाकणं कधीच पुरी होत नाहीत. म्हणून बाबांनी माझ्या सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापली आणि एक बटण कायमचं आवळून टाकलं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात पत्रा सरकवायला मोकळा. महिन्याभरात खात्यातल्या प्रत्येक प्रेसवर पट्टी. फोरमनने येऊन पाठ थोपटली. त्या दिवशी बाबा घरी आले ते जावई मिरवतो तसे मिरवत.

कारखान्याचे साहेब घरी आले तेव्हा सफरचंदं घेऊन आले. गोड माणूस. माझं अक्षर बघून म्हणाले, मोत्यांचे दाणे आहेत गं बाळ. असं लिही की वाचणाऱ्याला सगळं डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. मग काय, मी सुटलेच. पट्टी किती रुंद, गाठ कुठे मारायची, कल्पना बाबांच्या डोक्यातून कशी निघाली, सगळं. आई दारातून खुणा करत होती. मी म्हटलं, आई, तुला कळत नाही त्यात पडू नकोस. फोरमनने पाठ थोपटल्याचंही लिहिलं होतं. त्यावर साहेब हसले आणि म्हणाले, ते कशाला, बाबांचं श्रेय वाटलं जाईल. बाबांनी मान डोलावली. मी ते वाक्य खोडलं, पट्टी लावून, नीट.

तीन आठवड्यांनी कागद आला. कामगाराने सुरक्षेची सोय स्वतःहून, जाणूनबुजून निकामी केली, सबब भरपाई देय नाही. खाली माझी पाच वाक्यं जशीच्या तशी. एका शब्दाचीही चूक नव्हती. कारखान्याने सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या, झाकणं मात्र पूर्वीइतकीच मागितली, आणि बाबांचे मित्र रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूने जायला लागले.

युनियनवाले काका म्हणाले, दाद मागू, पण सुनावणीत सांगायला एकच वाट आहे. पोरीने मनाने रचलं, बाप तापात होता, त्याने ऐकलंही नाही. पट्ट्या आता कुठे आहेत? पुरावा म्हणजे हिचं अक्षर, बस्स. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "बोलता येतं ना तुला? मग बोल आता."

मी आठ दिवस तयारी केली. बाबांना काकांनी बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे अधिकारी, कडेला ते सफरचंदवाले साहेब. मी उभी राहिले. सांगितलं की मला निबंध लिहायची खोड आहे, बाबांनी असली पट्टी कधी बांधलीच नाही, मी बक्षिसाच्या नादात रंगवून लिहिलं. आवाज कुठेही हलला नाही. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हा साहेब अगदी सहज म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं. साध्या प्रेसवाल्याला इतकं डोकं कुठलं? दुसऱ्या कुणाचं तरी असणार."

बाबा खुर्चीतून उठले. काकांनी सदरा धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"पोरगी खोटं बोलतेय," ते म्हणाले. "पट्टी माझी आहे. मला कुणी शिकवली नाही. मीच सगळ्यांना शिकवली."

आईने डोळे मिटले. काका खिडकीकडे बघायला लागले.

"कशी बांधायचात?" साहेबांनी विचारलं. "आम्हाला तर कळलंच नाही."

त्यांनी फायलीचा रबर काढून पुढे केला आणि टेबलावरची घंटी बाबांसमोर सरकवली. बाबांचा चेहरा उजळला. बँडेजचा हात त्यांनी पोटाशी धरला आणि डाव्या हाताने घंटीच्या बटणावर रबर ताणायला लागले. तो निसटून उडाला. परत घेतला, परत निसटला. अधिकारी वाट बघत होते.

"धर गं पोरी हे टोक," बाबा म्हणाले.

मी धरलं. बाबांनी दोन वेढे दिले, टोक दातात पकडून गाठ आवळली आणि बाजूला झाले.

"बघा आता," ते म्हणाले. "सुटणार नाही."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं.