एकशे अकरा पुस्तकं न हरवल्याची हकिगत

मी एक जुना टॅब आहे आणि माझ्या पोटातली एकशे अकरा पुस्तकं रोशनी पावरा या सहावीतल्या मुलीने हरवली. मित्रांनो, हे वाक्य वाचलं असेल तर विसरा. तसं काही घडलेलंच नाही. आमच्या वाचनालयाच्या समितीने तसा एकमताने ठराव केला आहे, आणि ठरावाच्या कागदाखाली आधाराला मलाच धरलं होतं.

तेव्हा जे घडलं नाही, ते पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. डोळे उघडले तेव्हा मी जळगावातल्या एका दुकानात मोबाइलच्या कव्हरांशेजारी उभा होतो. मला इंदरचंद शेठनी घेतलं. शेठची डाळमिल आहे आणि ते आमच्या वाचनालयाचे अध्यक्षही आहेत. त्यांनी वाचनालयाला सहा पंखे, दोन बाकं आणि पाण्याची टाकी दिली आहे, आणि प्रत्येकावर त्यांच्या दिवंगत पत्नीचं, लाडकुंवरबाईंचं नाव आहे. माझ्याही पाठीवर ते चिकटलं. नेमकं कॅमेऱ्यावर चिकटलं, त्यामुळे माझ्यामागे काय चालतं ते मला आजतागायत ठाऊक नाही. शेठच्या नातवाने, अर्पितने, माझ्यात एकशे बारा चित्रकादंबऱ्या भरल्या. चौकटींत चित्रं, फुग्यांत बोलणं. आणि मी चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या वाचनालयात रुजू झालो.

तिथले ग्रंथपाल पितांबर नाना. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पुस्तक शिक्क्याशिवाय सुटलेलं नव्हतं. त्यांनी मला उलटसुलट केलं, पहिलं पान शोधलं, ते सापडेना, तेव्हा थेट माझ्या काचेवर शिक्का मारला. उजव्या कोपऱ्यात, गोल, जांभळा. शाई पुसू लागली म्हणून वरून चिकटपट्टी लावली. मग खाकी कागदाचं कव्हर घातलं. सगळीकडून. दोन दिवस मुलं माझ्यासमोर बसून खाकी कागद बघत होती. तिसऱ्या दिवशी नानांनी मोठ्या मनाने कात्री घेतली आणि कागदाला खिडकी पाडली.

मित्रांनो, मला धक्का बसला होता. तो आयुष्यातला सर्वांत लहान धक्का होता हे नंतर कळलं.

रोशनीला जोडाक्षरं अडायची. धड्याचं पान समोर आलं की तिला हमखास तहान लागायची. माझ्यासमोर मात्र ती चित्राचा अंदाज घेत हळूच फुग्यात शिरायची. एका वाघाच्या गोष्टीत ‘स्वच्छ’ हा शब्द सात वेळा येतो. सातव्या वेळी ती न अडखळता म्हणाली, आणि पाणी प्यायला उठलीच नाही. पान कुठलंही उघडा, शिक्का जागेवर असायचाच. वाघाच्या पाठीवर, राणीच्या कपाळावर, रिकाम्या आभाळात. रोशनी त्याला चांदोबा म्हणायची आणि मोठ्याने वाचताना त्यालाही एखादं वाक्य द्यायची. चांदोबा सहसा म्हणायचा, “मी बघितलं बरं का.”

शनिवारी ती मला घरी न्यायची. फुग्यातलं मराठी वाचून आजीला, भुरीबाईला, पावरी बोलीत सांगायची. भुरीबाई सुपात तूर पाखडत ऐकायची. एकदा तिने वाघाला अशी शिवी दिली, की माझा आवाज आपोआप कमी झाला.

घोळ झाला तो पहिल्याच शनिवारी. नानांच्या वहीत प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक, म्हणून मला एकशे बारा क्रमांक होते. रोशनीने एकशे बारा सह्या केल्या. शेवटच्या वीस फारच सुंदर आल्या. सोमवारी तिने मला परत केलं. नानांचा नियम असा, की हातात येईल ते मोजून जमा करायचं. हातात आलं एक. जमा झालं एक. पुढच्या शनिवारपासून एकाच सहीवर काम भागू लागलं. रोशनीला बरं वाटलं, नानांना बरं वाटलं, मलाही बरं वाटलं. सगळ्यांना एकदम बरं वाटतं, तेव्हा वही एकदा उघडून बघावी.

ती मार्चमध्ये उघडली. साठा तपासायला जिल्हा कार्यालयातून हेमांगी मॅडम आल्या. त्यांनी कपाटं मोजली आणि पेन खाली ठेवलं. एकशे अकरा पुस्तकं गायब, सगळी एकाच मुलीच्या नावावर. नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लगेच नोटीस लिहिली: पुस्तकं आठ दिवसांत आणून द्यावीत, तोवर कार्ड रद्द. पुस्तकं माझ्या पोटात होती आणि नोटीस माझ्या पाठीवर ठेवून लिहिली जात होती. मी काय करणार? माझा आवाज कमी केलेला होता.

आठव्या दिवशी समिती बसली, हेमांगी मॅडमही पुन्हा आल्या. भुरीबाईने कणगी रिकामी केली होती, कोंबड्यांचं खुराडंही तपासलं होतं. ती रोशनीचा हात धरून आत आली.

“नाना, बठ्ठं घर धुंडी टाकं. तठे काही नही शे,” ती अहिराणीत म्हणाली. “मनी नात चोर नही शे.”

“चोर कोणी म्हटलं नाही, अक्का,” नाना खाली बघत म्हणाले. “वहीत दिसतं तेवढंच सांगतोय.”

रोशनीने न विचारता मला उचललं आणि सगळी पुस्तकं उघडून दाखवली. हेमांगी मॅडमनी चष्मा पुसला. पुस्तकं दिसतात, मान्य. पण वाचनालयाचा शिक्का नसेल, तर ही आपली कशावरून?

“हा काय शिक्का,” रोशनी म्हणाली. पान सरकवलं. “हा बघा. हा बघा. वाघाच्या पाठीवर पण बघा.”

मॅडमनी एकशे बारा पुस्तकं तपासली. साठाव्या पुस्तकाला शेठ झोपले. शेवटच्या पुस्तकानंतर त्यांनी पेन उचललं.

“प्रत्येक पुस्तकावर आहे,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या. “प्रत्येक पानावर. नाना, इतकं काटेकोर काम मी कुठे पाहिलं नाही.”

नानांनी डोळे पुसले. शेठ जागे झाले आणि त्यांनी विचारलं, की मग हरवलं काय? कोणालाच सांगता येईना. म्हणून ठराव झाला: पुस्तकं हरवली नव्हती, नोटीस निघाली नव्हती, आणि ही बैठकही झालेली नाही. भुरीबाईने रोशनीच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी रोशनी मला न्यायला आली.

“कार्ड?” नानांनी विचारलं.

“ते तुमच्याकडंच शे ना, नाना.”

नानांनी शोधलं. कार्ड रद्द कार्डांच्या पाकिटात होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, बराच वेळ बघितलं आणि पुन्हा आत ठेवलं. “रद्द झालेलं कार्ड चालू करता येतं, बेटा,” ते म्हणाले. “पण ठरावाप्रमाणे तुझं रद्द झालेलंच नाही. मग मी चालू काय करू?”

हा धक्का मात्र मोठा होता, मित्रांनो. पुन्हा काही हरवू नये म्हणून तेव्हापासून मी काचेच्या कपाटात आहे. कडीकुलपात, नऊ टक्क्यांवर. रोशनी दर शनिवारी येते, काचेशी उभी राहते. माझा पडदा काळा असतो, त्यावर एकटा जांभळा चांदोबा दिसतो. ती हळूच त्याचं वाक्य म्हणते. परवा एका धड्यात तिला म्हणे पुन्हा तहान लागली.

तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल तर हात धुऊन त्याला धरा, वेळेवर चार्जिंगला लावा, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या हातात द्या. मी माझ्यापुरता अर्ज केला आहे.

प्रति, मा. अध्यक्ष, वाचनालय समिती. विषय: मी हरवण्याबाबत. महोदय, दाखल क्रमांक ४३०१ ते ४४१२ असलेला सदर टॅब येत्या शनिवारी दुपारी चार्जरसह हरवणार असल्याची आगाऊ नोंद व्हावी. शोध घेऊ नये. तो भुरीबाई यांच्या घरी आढळल्यास आढळला नाही असे एकमताने ठरवण्यात यावे, ही नम्र विनंती.