सावलीकाठी की शंकू

कर्जत-खालापुरातल्या सूर्यघड्याळांची वर्गवारी करून त्यांचा शब्दकोश रचायला तिघं जमले, त्यात सर्वांत कमी बोलणारे विष्णुपंत. आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. तोंड उघडण्याआधी स्वतःचंच म्हणणं मनात तीनदा खोडायची सवय. भिंतीवरची, ओट्यावरची, तिरपी असे घड्याळांचे प्रकार ठरले, पण नावं सगळी दिली सुचेताबाईंनी, नाहीतर चौक गावच्या श्रीपत मिस्त्रीने. आता उरली होती फक्त सावली पाडणारी पट्टी. सुचेताबाई संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. त्या जुन्या ग्रंथांतल्या 'शंकू'वर अडून बसल्या. विष्णुपंत मात्र पावसाळाभर खालमानेनं 'सावलीकाठी' पुटपुटत होते. आपला एक तरी शब्द कोशात लागावा, आणि त्यापुढे आपलं नाव, एवढीच त्यांची हाव.

भांडणं वाढू नयेत म्हणून श्रीपतने नियम घातला होता. मतदान नाही. घाईगडबडीत ज्याच्या तोंडून जो शब्द निसटेल तो खरा, आणि कोशात नावही त्याचंच.

त्या दिवशी तिघं कळंबच्या एका रिसॉर्टात, हिरवळीवरचं घड्याळ पाहायला गेले. बाई चहा सांगायला वळल्या आणि विष्णुपंतांनी जन्मात पहिल्यांदा वांडपणा केला. डबा-बाटलीने फुगलेली बाईंची पिशवी उचलून त्यांनी घड्याळाच्या पट्टीलाच अडकवली.

"अहो विष्णुपंत!" बाई तिथूनच ओरडल्या. "काढा आधी ती पिशवी, सावलीकाठी वाकेल!"

"निसटला!" श्रीपतने मांडीवर थाप मारली. "लिवतो बाई. सावलीकाठी. तुमच्या नावावर."

विष्णुपंतांचं हसू जागीच विरलं. डाव रचताना नावाचं कलम डोक्यातच आलं नव्हतं.

"असं होय!" बाईंनी डोळे बारीक केले. श्रीपतची हत्यारांची थैली उचलून तीही त्यांनी पिशवीवर लटकवली. "माझ्या नावावरची आहे ना? मग मी वाकवीन, नाहीतर मोडीन."

पट्टी करकरली.

"अहो बाई, नको! शंकू मोडेल!" विष्णुपंत किंचाळले, आणि हात आपसूक तोंडावर गेला.

श्रीपत हसून हसून घड्याळाच्या ओट्यावरच बसला. "शंकू. विष्णुपंत, कर्जत. घ्या, लागलं एकदाचं नाव!"

"दोन्ही निसटले, म्हणजे वाद पुढच्या बैठकीत. सावलीकाठीच्या बाजूने मी बोलणार," पिशव्या उतरवत बाई म्हणाल्या. "शंकूचं तुम्ही बघा हो. तयारी करून या."

चहा आला. विष्णुपंतांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशीकडेच बघत म्हणाले,

"शंकू... तसा काही वाईट नाही शब्द."