कोरड्या फवाऱ्याची कैफियत

मी एक जुना फवारा आहे, मित्रांनो. पण बागेत नाचणारा नव्हे. माझ्याशेजारी उभं राहून आजवर कुणी फोटो काढून घेतलेला नाही. रसायनं विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात, खांबाला टेकून मी उभा आहे. अंगाला भडक पिवळा रंग, डोक्यावर मोठी झारी, ती सुरू करायला लोंबती साखळी, कमरेशी एक पसरट वाडगं आणि त्या वाडग्यात आभाळाकडे तोंड करून बसलेल्या दोन छोट्या तोट्या. पायाशी लोखंडी पट्टी. ती दाबली की तोट्यांतून मऊ पाणी वर येतं आणि वाकलेल्या माणसाचे डोळे धुऊन निघतात. डोळ्यात रसायन उडालेल्या माणसाला त्याच क्षणी पाणी द्यायचं, एवढंच माझं काम. हे काम कधी पडूच नये, पण पडलंच तर तयार असावं, असा माझा विचित्र धंदा आहे.

मला घडवणारा कारागीर म्हातारा आणि तिरसट होता. सांधे जोडून झाल्यावर त्यानं पट्टी दाबली, चष्मा काढला आणि स्वतःचं तोंड वाडग्यात घातलं. पहिल्यांदा पाण्याचा जोर जास्त झाला. तो चिडून म्हणाला, "अरे, माणसाचा डोळा आहे, गाडी नाही धुवायची! लेकराचं तोंड धुवावं तसं पाणी यायला पाहिजे." मग तासभर तो माझ्या तोट्यांशी झटला. आयुष्यात माझ्यावर इतकी माया पुन्हा कुणी केली नाही.

कंपनीत आलो तेव्हा मला वाटलं, आता आपलं सोनं झालं. या कंपनीचा व्यवहार तसा सोपा आहे. कारखान्यातून टँकर येतात. त्यांतली रसायनं इथं पिंपांत आणि कॅनमध्ये भरली जातात, आणि छोट्या टेम्पोंतून लाँड्रीवाल्यांना, साबणवाल्यांना, बाटल्या धुणाऱ्या कारखान्यांना पोचवली जातात. सगळ्यात जास्त खप कॉस्टिकचा, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या कॉस्टिक सोड्याचा. दिसायला पाण्यासारखं, बोटांना साबणासारखं बुळबुळीत, आणि डोळ्यात गेलं तर डोळाच खाऊन टाकणारं. त्याच्याच भरणीच्या टेबलासमोर मला उभं केलं होतं. जागा चांगली होती. हेतू मात्र वेगळा निघाला. एका बड्या गिऱ्हाइकानं अट घातली होती, की गोदामात फवारा असेल तरच माल घेऊ. मला माणसांसाठी नव्हे, त्या गिऱ्हाइकासाठी आणलं होतं.

त्यामुळे माझं कौतुक व्हायचं ते त्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला यायची त्या दिवशीच. आदल्या दिवशी मुकादम ओल्या फडक्यानं मला पुसायचा. पाहुणे आले की साहेब स्वतः पट्टी दाबून दाखवायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे माणसाची किंमत आधी, माल नंतर." पाहुणे माना डोलवायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच माझ्या वाडग्यात कुणाचा तरी चहाचा कप येऊन बसायचा, साखळीवर ओला रुमाल वाळत पडायचा. देखल्या देवा दंडवत, दुसरं काय!

तरी एका माणसाला माझी कदर होती. तो म्हणजे आमचा फिटर. गोदामातले पंप, नळ, पाइप सगळे त्याच्या हातचे. त्याची धाकटी बहीण भरणीच्या कामावर लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तो तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला.

"डोळ्यात काही उडालं तर पहिली गोष्ट काय करायची?"

"तुला हाक मारायची," ती हसत म्हणाली.

"मी काय डोंबल करणार? इथं यायचं. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. आणि तेव्हा काही दिसणार नाही हे लक्षात ठेव. मीट डोळे."

मग त्यानं तिला टेबलापासून माझ्यापर्यंत डोळे मिटून चालवलं. डावा हात पिंपांच्या रांगेवर ठेवायचा, रांग संपली की खांब, खांबाला वळसा घातला की मी. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मुकादम लांबून ओरडला, "अरे, आंधळी कोशिंबीर खेळायचा पगार मिळतो का इथं?" सगळे खो खो हसले. तीही हसली. पण शेवटी शेवटी ती डोळे मिटून सरळ पळत यायची आणि तिचा पाय बरोबर माझ्या पट्टीवर पडायचा. सोमवारी काम सुरू करण्याआधी ती आठवणीनं पट्टी दाबून बघायची, तोट्यांवर धूळ बसू नये म्हणून घातलेल्या टोप्या पुसायची. मला तिचा लळा लागला. का लपवू?

मग माझ्या आतलं रबरी वायसर झिजलं आणि मी ठिबकायला लागलो. खाली ओल आली. शेजारी पावडरीच्या गोण्यांची थप्पी होती, तिच्या खालच्या गोण्यांना ओल लागून आतल्या मालाचे दगड झाले. तो माल गिऱ्हाइकानं परत पाठवला. साहेब तरातरा आले. त्यांनी मला पाहिलं ते घरात घुसलेल्या चोराला पाहावं तसं.

"बंद करून टाक हा."

"वायसर मागवलं तर दुरुस्त होईल साहेब. माझ्याकडचं बसत नाही, ज्यांनी हा बनवला त्यांच्याकडचंच लागतं."

"मागवू की. तोवर मागचा व्हॉल्व्ह बंद ठेव. पाहणी असेल तेव्हा उघडायचा."

थप्पी हलवता आली असती. पलीकडे चिक्कार जागा होती. पण गोणी हलवण्यापेक्षा नळ बंद करणं सोपं. फिटरनं भिंतीमागचा व्हॉल्व्ह बंद केला. हात धुवायला म्हणून कुणी ना कुणी तो उघडायचं, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून त्यानं व्हॉल्व्हचं चाकच काढून आपल्या अवजारांच्या पिशवीत टाकलं. त्याच सुमाराला सोमवारी पट्टी दाबायलाही मनाई झाली. ओल होते, असं मुकादमानं सगळ्यांना बजावलं. बहिणीला वाटलं, ओलीमुळेच मनाई असेल. मी कोरडा आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही.

मुकादमानं एकदा फिटरला विचारलंही होतं, "बहिणीला सांगितलंस का रे?"

"कशाला घाबरवायचं तिला? आठवडाभराची तर गोष्ट. वायसर आलं की चालूच करायचंय."

वायसर आलं नाही. तो आठवडा लांबत लांबत उन्हाळ्यापर्यंत गेला. मधे दोन पाहण्या झाल्या, दोन्ही वेळा चाक पिशवीतून निघालं आणि परत पिशवीत गेलं. मी बोलू शकत नाही, मित्रांनो, याचा राग मला तेव्हा पहिल्यांदा आला. ती रोज माझ्यासमोर कॅन भरत होती, मधूनच माझ्याकडे बघत होती, आणि मी नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा असा उभा होतो.

कंपनीनं भरणीवाल्यांना डोळ्यांवर लावायचे चष्मे दिले होते, नाही असं नाही. पण ते इतके ओरखडलेले होते की कॅनवरची भरण्याची खूण त्यांतून दिसायची नाही. म्हणून खूण जवळ आली की सगळेच चष्मा कपाळावर सरकवायचे. त्या दिवशी तिनंही तसाच सरकवला आणि खाली वाकली. तेवढ्यात कॉस्टिकच्या नळीला आवळलेला पट्टा निसटला. नळी सापासारखी उसळली आणि कॉस्टिक तिच्या तोंडावर आलं.

ती ओरडली, पण क्षणभरच. मग तिनं शिकवल्याप्रमाणे डावा हात पिंपांवर ठेवला आणि पळत सुटली.

आता नीट ऐका. तिच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, कॅन विसळायचा हौद होता. काठोकाठ भरलेला. त्यावरचा नळ दिवसभर वाहत असायचा. तिनं नुसतं मागे वळून तोंड बुडवलं असतं तरी चाललं असतं. मी तिथं नसतो तर तिनं तेच केलं असतं, कोणीही केलं असतं. पण तिला माझ्याकडे यायला शिकवलं होतं. ती हौद सोडून, पिंपांची रांग ओलांडून, खांबाला वळसा घालून माझ्याकडे आली आणि तिनं पट्टीवर पाय ठेवला.

पाणी आलं नाही. तिनं पुन्हा दाबलं. वाडग्यात तोंड घालून ती दाबत राहिली. तिला वाटलं, आपलाच पाय नीट पडत नाही. मग तिनं साखळी ओढली. तीही कोरडीच. "दादा, पाणी येत नाहीये! दादा!"

तिचा दादा तेव्हा बाहेर टँकरच्या पंपाशी होता. तो धावत आला, बहिणीला पाहिलं आणि व्हॉल्व्हकडे पळाला. तिथं गेल्यावर त्याला चाक आठवलं. चाकासाठी तो पिशवीकडे पळाला. एव्हाना मुकादमानं हौदातली बादली आणून तिच्या तोंडावर ओतायला घेतली होती. शेवटी चाक बसलं, व्हॉल्व्ह उघडला आणि माझ्या तोट्यांतून पाणी उडालं तेव्हा सगळ्यांचे कपडे भिजले. पण कॉस्टिक कुणासाठी थांबत नाही. तिचा एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही.

चौकशीला साहेब माझ्याच समोर उभे होते. ते म्हणाले, "मागे एवढा मोठा हौद होता. तिथं का नाही गेली? घाबरली असणार."

"घाबरली नाही साहेब," फिटर म्हणाला, "शिकवलं होतं तसंच केलं तिनं."

जे वायसर इतके दिवस मिळत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. मला नवा रंग मिळाला, वर हिरवी पाटी लागली, गोण्यांची थप्पी पलीकडे गेली. बैल गेला नि झोपा केला!

पुढे एकदा ती आली. भावानं नोकरी सोडली होती, हिशेब पुरा करायला तो आला होता आणि तिनंच त्याला माझ्याकडे न्यायला सांगितलं. तिनं माझं वाडगं चाचपलं, पट्टी दाबली. पाणी आलं. हातावर ते घेत ती थोडा वेळ उभी राहिली.

"दादा, हा तेव्हा बंद होता, हे तुला माहीत होतं?"

तो खोटं बोलू शकला असता. "मीच बंद केला होता," तो म्हणाला. "साहेबांनी सांगितलं म्हणून."

"बंद केलास त्याचं काही नाही रे. हुकमाचे ताबेदार आपण. पण मला सांगायचंस ना. मी हौदाकडे गेले असते."

तो रडायला लागला. तिनं त्याचा हात सोडला, खांब चाचपला, मग पिंपांची रांग, आणि एकटीच दाराकडे गेली. तो मागून चालत होता, पण तिला धरायची हिंमत त्याला झाली नाही.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण नवं वायसरही झिजलं, मित्रांनो. मी पुन्हा ठिबकायला लागलो आणि नव्या फिटरला पुन्हा तोच हुकूम झाला. हिरवी पाटी मात्र चकाचक आहे. परवा भरणीच्या टेबलावर एक नवी बाई आली. तिनं पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि निश्चिंत होऊन कामाला लागली.

म्हणून तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. मोठे व्हाल, असल्या एखाद्या गोदामात नोकरीला लागाल किंवा त्याचे मालक व्हाल, तेव्हा माझा रंग बघू नका, पाटी वाचू नका. पायानं पट्टी दाबून बघा. पाणी आलं नाही तर ते आणा. आणि आणायचं नसेल तर मला मुळापासून उपटून भंगारात टाका, मी हूं की चूं करणार नाही. माझी जागा रिकामी दिसली, तर निदान ती बाई हौदाकडे तरी धावेल.