उलटी केरसुणी

लाकडी ठशांच्या जुन्या जपानी चित्रांवर चित्रलेखाला त्या दुपारी युनिव्हर्सिटीच्या वर्गापुढे झूमवर बोलायचं होतं. पास-नापास त्यावरच ठरणार. चित्र साधंच होतं: बाहेर पाहुणे पीत बसलेत आणि आतल्या खोलीत एका बाईने केरसुणी उभी करून तिच्यावर पंचा टाकलाय. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, घराची भरभराट, असं तिने टिपणात बेधडक ठोकून दिलं होतं. दिवाळीला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरातली मुलगी, तिला दुसरं काय सुचणार?

शेजारी भेंडी चिरणारे विश्रामकाका स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अगं, लक्ष्मी उलटी का उभी केलीय हिने? आमच्याकडे सासूने फोडून काढली असती."

हे तिच्या नवऱ्याचे काका. मार्चमध्ये पंधरा दिवसांसाठी इथे परदेशात, पॉइंट कुकला आले, विमानं बंद झाली, आणि ऑगस्ट आला तरी इथेच. चित्रलेखाची अभ्यासाची खोली त्यांना दिलेली, त्यामुळे तिचा वर्ग स्वयंपाकघरात. मनातल्या मनात ती रोज धुसफुसायची.

केरसुणी खरंच उलटी होती! जेवणखाण विसरून तिने युनिव्हर्सिटीची ऑनलाइन लायब्ररी पालथी घातली आणि उत्तर सापडताच खुर्चीतून उडालीच.

"काका, सापडलं! ही केरसुणी म्हणजे..." आणि तिने जीभ चावली. "सांगते नंतर."

पण कॅमेरा सुरू झाल्यावर तिला कसलं भान राहतंय? मुक्काम ठोकलेला पाहुणा हलत नसेल, तर घरचे आत गुपचूप केरसुणी उलटी ठेवतात, की तो उठलाच, हे तिने इतकं रंगवून सांगितलं की लॉकडाउनला कंटाळलेला अख्खा वर्ग खदखदून हसला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "ब्रिलियंट, चित्रा." तिला आकाश ठेंगणं झालं.

मागे वळली तर काका चहाचे कप घेऊन उभे. इंग्रजी त्यांना उत्तम समजायचं.

"काका, ते तुमच्याबद्दल नव्हतं हो."

"ठाऊक आहे गं." त्यांनी कप टेबलावर ठेवले. "मला एवढंच सांग, पाहुण्यालाच जायचं असेल, तर ती केरसुणी कुणी ठेवायची? तुझी काकू सावंतवाडीला एकटी आहे. फोनवर हसते, पण परवा आंघोळ करताना पडली, ते मला शेजाऱ्यांकडून कळलं."

इतके महिने चित्रलेखा मनात जे मागत होती, तेच हा माणूस तिच्याहून कळवळून मागत होता.