बुडावरची टिचकी

मी एक जुनी क्ष-किरण नळी आहे, मित्रांनो. माझं अंग काचेचं, भोवती शिशाची पेटी, पेटीला कुलूप. पोटातली हवा शेवटच्या कणापर्यंत उपसून मला कायमचं बंद केलेलं. तुम्ही वर्गात पाच तास बसून कंटाळता ना? मी एकोणीस वर्षं बसले! हवा कशी असते, एकदा तरी कळावं असं फार वाटे.

माझे किरण दुबळे. हाडांचे फोटो काढणाऱ्या नळ्या मला हसत असतील, हसू देत. जिवंत पेशींना नेमकी, थोडीशीच इजा करायची आणि त्या स्वतःला कशा सावरतात ते बघायचं, हे नाजूक काम माझंच होतं. पेशींची बशी पेटीच्या छोट्या खिडकीवर, माझ्या डोक्यावर ठेवत. तिचं बूड कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असलं, तरच किरण आत पोचत.

यंत्र सांभाळणारे मामा प्रत्येक बशीच्या बुडाला नखाने टिचकी मारत. आवाज आला नाही की म्हणत, "हां, आता बस बाई वर." बोलत ते बशीशी, पण मला बरं वाटे.

मामा निवृत्त झाले. संशोधन करणारी ताई एकटी उरली. मग भांडारातून बश्यांचा नवा खोका आला. वरून अगदी तशाच, बूड मात्र जाड! ताईने टिचकी मारली नाही. मी जीव तोडून किरण सोडले, ते सगळे बुडातच अडले. पेशी ठणठणीत. महिनाभर हेच.

किरण मोजायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. "नळी गेली कामातून," ताई रडवेली होऊन म्हणाली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेटीवर चिठ्ठी चिकटवली : भंगार.

अहो, बशी बघा, बशी! मी आतल्या आत ओरडत होते. पण मला तोंड कुठे होतं? असा संताप जन्मात झाला नव्हता.

शुक्रवारी सकाळी कामगारांनी कुलूप काढलं. मला बाहेर काढताना पाना निसटला, काचेला तडा गेला आणि हवा आत शिरली. जिची आयुष्यभर वाट पाहिली, तिनेच घात केला. हवा शिरलेली नळी पुन्हा चालत नाही.

दुपारी बातमी ऐकून मामा मला बघायला आले. बोलता बोलता सवयीने त्यांनी टेबलावरची बशी उचलली आणि टिचकी मारली. टक्!

"अगं पोरी, हे तर जाड बूड!"

ताईने स्वतः टिचकी मारून पाहिली. "मामा, मी तिला उगीचच..." ती म्हणाली.

"चूक माझी," मामा म्हणाले. "टिचकी का मारतो, ते तुला कधी सांगितलंच नाही."

आता मी ताईच्या टेबलावर कापसात असते. पेटीत नवी नळी कोंडली आहे. मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी एवढं बघा, त्याच्या वाटेत आपणच काही ठेवलं नाही ना? आणि जे करता, ते का करता, हे मागून येणाऱ्यांना सांगून जा.

ताई आता प्रत्येक बशीला टिचकी मारते. आवाज येत नाही, आणि मला हायसं वाटतं.