उचलायच्या परीक्षेतली सात नंबरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि गेले कित्येक महिने एका कुशीवर पडून आहे. माझ्या उजव्या हँडलाखाली वाळू साचली आहे, सीट उन्हाने तडकली आहे. तुम्हाला माझी दया यावी म्हणून हे सांगत नाही. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म जपानचा. साडेसातशे सीसी, वजन दोनशे तीस किलो. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणी घाटांमध्ये आणि समुद्रकाठच्या रस्त्यांवर पळायला गेल्या. माझी रवानगी झाली परवान्याच्या परीक्षेच्या मैदानावर. त्या काळी तिथे मोठी गाडी चालवायची असेल, तर आधी आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलून उभी करावी लागे. ज्याला उचलता येत नाही, त्याला चालवू देत नसत. ती आडवी पडणारी गाडी म्हणजे मी. माझ्या टाकीवर सात आकडा रंगवला होता आणि पडताना लागू नये म्हणून अंगाला लोखंडी गार्ड बसवले होते. दिवसाला तीस-तीस वेळा मला निजवत आणि तीस-तीस वेळा कोणीतरी घामाघूम होऊन उठवी. आठ वर्षे मी हेच केले.

त्या मैदानाची एक रीत मात्र मला आवडायची. कोणाला मला उचलणे जमले नाही, तर कोणी हसत नसे. रांगेतले बाकीचे जमिनीकडे बघत. परीक्षक एवढेच म्हणे, "पुन्हा या." आणि परीक्षा संपली की तोच परीक्षक त्या माणसाला बाजूला घेऊन शिकवी. हँडल पूर्ण आत वळवायचे. एक हात हँडलला, दुसरा सीटमागच्या दांडीला. गुडघे वाकवून अंग टाकीला चिकटवायचे. नजर खाली नाही, समोर. हातांनी ओढायचे नाही, पायांनी ढकलायचे. असे केले की बारीक अंगाची माणसेही मला उभी करत.

एका सकाळी कुंपणाशी एक पाहुणा येऊन उभा राहिला. तो श्रीकांत, मूळचा पुण्याचा इंजिनिअर. सौदी अरेबियात जुबैलच्या एका कारखान्यात त्याची नोकरी होती आणि कंपनीने त्याला तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी टोकियोला धाडले होते. मोटारसायकलींचे त्याला भारी वेड. सुट्टी मिळाली की तो उएनो भागातल्या गाड्यांच्या दुकानांच्या गल्ल्या पालथ्या घाली. रविवारी सकाळी घाटातल्या चहाच्या दुकानापाशी चालक जमत. गाड्या एका रांगेत लावून, टाकीवर हातमोजे ठेवून, ते एकमेकांच्या गाड्या हात न लावता न्याहाळत. हा तिथे जाऊन लोकांच्या गाड्यांवर बसून फोटो काढून घेई.

त्या दिवशी एक किरकोळ अंगाचा कारकून आठव्यांदा परीक्षेला आला होता. आठव्यांदाही त्याला जमले नाही. सगळे जमिनीकडे बघत होते आणि कुंपणापाशी श्रीकांत एकटा खो खो हसला. परीक्षकाने एकदा वळून त्याच्याकडे पाहिले. मीही पाहून ठेवले.

आता माझे नशीब बघा. त्याच महिन्यात मला मैदानावरून मोडीत काढले आणि मी उएनोच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. श्रीकांतने टाकीवरचा सात आकडा ओळखला आणि मलाच घेतले. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने हात धरून चार वेळा त्याला उचलायची कृती शिकवली. मग यंत्रांच्या सुट्या भागांबरोबर लाकडी खोक्यात बंद होऊन मी दम्मामच्या बंदरात उतरले.

जुबैलला कागदोपत्री मी श्रीकांतच्या कफीलच्या नावावर लागले. कफील म्हणजे ज्या सौदी माणसाच्या जबाबदारीवर परदेशी लोक तिथे राहतात तो. घरी आणल्यावर श्रीकांतने सगळ्यात आधी माझे गार्ड काढून टाकले. "फोटोत बेढब दिसतात," तो म्हणाला. त्याची बायको शीला म्हणालीसुद्धा, "अहो, जपानात बसवलेत तर काहीतरी कारण असेल ना?" त्याने ऐकले नाही.

पाडव्याला कंपनीच्या घरांच्या कंपाउंडमध्ये महाराष्ट्रातल्या मंडळींचे जेवण होते. जेवण झाल्यावर श्रीकांतने मला मधोमध आणून आडवे केले आणि जपानची परीक्षा जाहीर केली. पहिले नाव त्याने गफूरचे घेतले. गफूर दाभोळकडचा, त्याच्याच कारखान्यात रिगर. क्रेनने पन्नास टनांची यंत्रे उचलून अलगद जागेवर बसवणे हे त्याचे काम. कंपनीचे फोरमन त्याच्या शब्दाबाहेर नसत आणि श्रीकांतला तेच खुपत असे. गफूरचा धाकटा भाऊ कादिर त्या दिवशी कुवेतच्या सीमेजवळच्या अल खफजीहून आला होता. तो तिकडे तेल कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होता.

गफूरने वाकून दोन्ही हातांनी माझे हँडल धरले आणि ओढले. मी वीतभर उठले आणि पडले. त्याने पुन्हा ओढले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "बघा, पन्नास टनवाला!" श्रीकांत ओरडला आणि सगळी मंडळी हसली. सगळ्यात मोठ्याने कादिर हसला. मग श्रीकांतने ऐटीत पुढे होऊन, अंग टाकीला चिकटवून, एका दमात मला उभे केले. कृती त्याने सांगितली नाही. गफूर हात झटकून पान न खाताच निघून गेला.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. श्रीकांतने शीलाला पुण्याला धाडून दिले. पुढे जानेवारीत लढाई सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी खफजीवर तोफगोळे पडल्याची बातमी आली. श्रीकांत माझ्यावर बॅगा बांधत होता. लढाईपासून लांब, जेद्दाच्या अल अझीझिया भागात त्याच्या मित्राची खोली होती. शहराबाहेर जायला लागणारे कफीलचे पत्र त्याच्या खिशात होते. इतक्यात गफूर धापा टाकत आला.

"साहेब, कादिर खफजीला आहे. फोन लागत नाय. कंपनीची एक बस सुटत नाय. एका दिवसासाठी गाडी द्या."

"वेडा झालास का? मी निघालोय."

"त्याला घेऊन येतो नि परत देतो. अल्लाची शपथ."

"तुला उचलता तरी येते का ही? रस्त्यात पडली तर काय करशील?" असे म्हणून श्रीकांतने मला चालू केले. गफूर फाटकात आडवा उभा राहिला. त्याला चुकवायला श्रीकांतने हँडल झटकन वळवले. पुढचे चाक वाळूत घसरले आणि मी उजव्या कुशीवर कोसळले. गार्ड असते तर त्याचा पाय वाचला असता. गार्ड नव्हते. त्याचा घोटा माझ्याखाली चिरडला आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळू लागले.

त्याच क्षणी हल्ल्याचा भोंगा वाजला. कंपाउंडमधली माणसे विषारी वायूच्या भीतीने खिडक्या चिकटपट्टीने बंद केलेल्या खोल्यांकडे पळाली. गफूर तेवढा थांबला. त्याने वाकून माझे हँडल ओढले, अगदी पाडव्याला ओढले होते तसेच. मी वीतभर उठले आणि पुन्हा त्याच पायावर पडले. श्रीकांतने किंकाळी फोडली. खरे सांगते, मला वाईट वाटले नाही.

"हँडल आत वळव आधी!" श्रीकांत ओरडला. "अंग चिकटव टाकीला! समोर बघ! ओढू नकोस, पायांनी ढकल!"

गफूरने हात काढून घेतले. "म्हणजे अशी उचलायची असते? पाडव्याच्या दिवशी तुमाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तवा का नाय बोललात?"

"सगळे हसत होते," श्रीकांत कण्हत म्हणाला. "मला मजा वाटली."

गफूरने हँडल आत वळवले, गुडघे वाकवले आणि समोर फाटकाकडे नजर लावून मला एका दमात उभे केले. श्रीकांतला पाठुंगळी मारून त्याने एका खोलीत नेऊन टाकले, माझ्यावरच्या बॅगा सोडून दारात ठेवल्या आणि तो खफजीच्या रस्त्याला लागला.

लष्कराने त्याला निम्म्याहून पुढे जाऊ दिले नाही. मग त्याने मला नाक्यावर उभे केले आणि दक्षिणेकडे पळणारी एकेक गाडी तपासली. दुपारपर्यंत तो उन्हात उभा होता. शेवटी पाण्याच्या एका टँकरच्या मागे ॲप्रन घातलेला कादिर चिकटून बसलेला दिसला. गफूरने त्याला खाली ओढले, आधी थोबाडीत मारली आणि मग मिठी मारली.

परत आल्यावर तो सरळ श्रीकांतच्या दारी गेला. श्रीकांत पायाला पट्ट्या बांधून खुर्चीत बसला होता. मंडळीही जमली होती. गफूरने मला अलगद, एक ओरखडाही न येऊ देता, वाळूत निजवले.

"गाडी आणली, साहेब. आता उचला."

"माझा पाय बघतोयस ना?"

"बरा होऊ दे. घाई नाय," गफूर म्हणाला आणि कादिरला घेऊन निघून गेला.

मंडळी मला उचलायला पुढे झाली तेव्हा श्रीकांत कडाडला, "कोणी हात लावायचा नाही! मी उचलीन." म्हणून मी तशीच पडून राहिले. कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि त्यांची काजळी माझ्यावर बसली. गफूरची बस रोज फाटकावरून जाई. तो खिडकीतून माझ्याकडे बघे. एका दमाचे काम होते, पण तो कधी उतरला नाही.

श्रीकांतचा घोटा नीट जुळला नाही. नोकरी सोडून कायमचे जायच्या सकाळी तो काठी टेकत माझ्यापाशी आला. हँडल बरोबर वळवले, अंग टाकीला लावले, समोर बघितले. पण ढकलायला पाय नव्हता. मी वीतभर उठले आणि पडले. रस्त्यापलीकडे गफूर बसची वाट बघत उभा होता. तो हसला नाही. पण आलाही नाही. श्रीकांतने काठी उचलली आणि मागे न बघता तो टॅक्सीत बसला.

मित्रांनो, मी या दोघांनाही माफ केलेले नाही. तुमच्यासमोर कोणी धडपडत असेल, तर हसू नका, आणि हात कुठे लावायचा हे ठाऊक असेल तर गप्प बसू नका. जुबैलच्या त्या कंपाउंडच्या भिंतीशी मी अजून पडून आहे. मला कसे उचलायचे ते मी तुम्हाला सांगितले आहे.